कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आज राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयामुळे मुंबईकरांच्या तोंडी आहे. प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक आणि १८६९ व १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ म्हणूनही ते स्मरणात राहिले. महारोगावरील औषधाचा त्यांनी घेतलेला शोध मात्र विस्मृतीत गेला.

मूळचे गोव्यातील मांद्र्याचे रामकृष्ण विठ्ठल लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले आणि बंधू डॉ. नारायण यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालवला. शिक्षण इंग्रजी, तरी संस्कृत वैद्यकग्रंथांना त्यांनी भाकड मानले नाही. आणि ग्रंथात लिहिले म्हणून खरेही मानले नाही. महारोग्यांसाठी त्यांनी निवडले ते सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल. औषध कोणते, हे मात्र त्यांनी गुप्त ठेवले. समकालीन डॉक्टरांनी त्यावरून टीका केली. ती सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. औषधच ठाऊक नसेल तर दुसऱ्याने पडताळा घ्यायचा कसा?

मात्र त्यांची अडचणही ध्यानात घ्यावी लागते. सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांत आज विद्यार्थी पेट्रीबशीत जंतू वाढवतात, वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती त्यावर ठेवतात आणि भोवती जंतूंची वाढ खुंटलेले वर्तुळ मोजतात. भाऊंपाशी ना अशी बशी होती, ना जंतूची कल्पना. नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला तो १८७३ मध्ये. पुढच्याच वर्षी भाऊंचे निधन झाले. शिवाय हा जंतू असा हट्टी की कृत्रिम माध्यमात तो आजही वाढत नाही. रुग्णाची त्वचा हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

त्यांच्या पश्चात या तेलाने जग पाहिले. हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने याच कुळातील चौलमुग्रा तेल टोचण्याजोगे केले. १९२० मध्ये, क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतील जंतूंना या तेलातील आम्ले परीक्षानळीत मारतात, असे अमेरिकी संशोधकांना आढळले. रुग्णांचा अनुभव एवढा स्वच्छ नव्हता: पोटात घेतल्यास मळमळ, टोचल्यास वेदना आणि गुण कधी येई, कधी नाही. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि कडू कवठाचे तेल दवाखान्यांतून हळूहळू बाहेर पडले.