एडवर्ड व्हिम्पर आणि मॅटरहॉर्न

स्वित्झर्लंड व इटलीच्या सीमेवरील मॅटरहॉर्न शिखर ४,४७८ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांतील एडवर्ड व्हिम्पर हा काही उमराव नव्हता. १८४० साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडली व वडिलांच्या हाताखाली लाकडी ठसे कोरण्याचे काम धरले. १८६० साली एका प्रकाशकाने चित्रे काढण्यासाठी त्याला आल्प्समध्ये धाडले. म्हणजे डोंगराची ओळख झाली ती पोटापाण्याच्या कामातून!

मग मात्र मॅटरहॉर्नने त्याला झपाटले. १८६२ मध्ये एकटाच गेला असता उतरताना पाय घसरून तो सुमारे २०० फूट कोसळला. डोके फुटले, तरी त्याच उन्हाळ्यात पुन्हा चढू लागला.

१४ जुलै १८६५ रोजी दुपारी सात जण माथ्यावर पोहोचले. इटलीच्या बाजूने येणारा कारेल अजून खालीच होता. आपण जिंकलो हे त्याला कळावे म्हणून व्हिम्परने वरून दगड लोटले. हा पोरकटपणाच म्हणायचा. पण तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

उतरताना हॅडो घसरला. वय एकोणीस, म्हणजे आपल्याच वर्गात शोभेल असा मुलगा, आणि अनुभव जवळजवळ नाहीच. त्याची पावले हाताने खाचेत बसवून देणारा वाटाड्या मिशेल क्रोझ त्याच्या धक्क्याने पडला. पाठोपाठ हडसन व अठरा वर्षांचा लॉर्ड डग्लस ओढले गेले. थोरल्या टाउगवाल्डरने खडकाला मिठी मारली, दोर ताणला गेला आणि तुटला. चौघे सुमारे ४,००० फूट खाली हिमनदीवर पडले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही.

तुटलेला दोर बरोबर आणलेल्यांपैकी सर्वांत कच्चा होता. पण संशय आला टाउगवाल्डरवर, की त्याने जीव वाचवण्यासाठी तो कापला! चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी लोकांची कुजबुज थांबली नाही. व्हिम्परने स्वतः तुटलेले टोक तपासले होते. त्याने ठामपणे, मोठ्या आवाजात या वाटाड्याची बाजू घ्यायला हवी होती, असे मला वाटते. रोजावर राबणाऱ्याचे नाव एकदा खराब झाले की ते कोण धुऊन देणार?

पुढे १८८० साली त्याच कारेलला सोबत घेऊन व्हिम्परने इक्वेडोरमधील चिंबोराझो सर केले. १९११ मध्ये शामोनी येथे त्याचे निधन झाले व तेथेच त्याला पुरले. मिशेल क्रोझ हा त्याच खोऱ्यातला.