नोबेल दोनदा हुकलं, पण उपग्रहाला त्यांचं नाव मिळालं

३० एप्रिल १९९६. अमेरिकेतल्या केप कॅनव्हेरलहून क्ष-किरण टिपणारा एक उपग्रह उडाला. नाव बेप्पोसॅक्स. यातला बेप्पो कोण? तर जुझेप्पे ओकियालिनी. जवळची माणसं त्यांना बेप्पो म्हणायची.

१९०७ साली इटलीत जन्मलेले ओकियालिनी १९३१ मध्ये केंब्रिजला गेले. तिथे ब्लॅकेट यांच्यासोबत त्यांनी असं यंत्र बनवलं की विश्वकिरण आला की स्वतःचा फोटो स्वतःच काढून घ्यायचा. पॉझिट्रॉनच्या शोधावर शिक्कामोर्तब झालं ते त्यामुळेच.

पुढे ते ब्राझीलला गेले. महायुद्धात ब्राझील इटलीच्या विरोधात उतरला आणि बेप्पो एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मग काय, प्रयोगशाळा सोडून डोंगरात वाटाड्याचं काम!

१९४५ मध्ये ते ब्रिस्टलला पॉवेल यांच्याकडे आले. दोनच वर्षांत तिथे पायॉन सापडला. नोबेल १९४८ ला ब्लॅकेटना मिळालं, १९५० ला पॉवेलना. बेप्पो दोन्ही वेळा बाहेरच राहिले.

१९९३ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा उपग्रह इटली आणि नेदरलँड्सचा, रॉकेट अमेरिकेचं, माहिती उतरायची केनियातल्या मालिंदीत. २८ फेब्रुवारी १९९७ ला त्यातल्या डच कॅमेऱ्याने गॅमा किरणांच्या एका स्फोटाची जागा पकडली. काही तासांत इटालियन दुर्बिणी तिकडे वळल्या आणि स्फोटानंतरची विझत जाणारी धग पहिल्यांदाच दिसली. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की फार दूरचे, हा जुना वाद मे महिन्यातल्या पुढच्या स्फोटाने मिटवला. ते फार दूरचे निघाले.