झेंकर आणि घशातील पिशवी: निदान कसे होते?

रिपोर्टवर झेंकर्स डायव्हर्टिक्युलम असे लिहून आले की घरचे घाबरतात. झेंकर हे एका डॉक्टरांचे नाव. डायव्हर्टिक्युलम म्हणजे अवयवाच्या भिंतीतून बाहेर आलेली पिशवी. ही पिशवी म्हणजे कॅन्सर नव्हे.

कोण होते झेंकर?

फ्रीडरिख आल्बर्ट फॉन झेंकर यांचा जन्म 1825 मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झाला. ते पॅथॉलॉजिस्ट होते, म्हणजे मृत्यूनंतर शरीर तपासून आजाराचे कारण शोधणारे डॉक्टर.

1860 मध्ये ड्रेस्डेनच्या रुग्णालयात घरकाम करणारी एक तरुणी दगावली. टायफॉइड असावा, असा समज होता. झेंकर यांना तिच्या स्नायूंमध्ये सूक्ष्म जंत आढळले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ती कुठे राहत होती, काय खाल्ले होते, याची त्यांनी चौकशी केली. तिच्या मालकाच्या घरी नाताळच्या सुमारास कापलेल्या डुकराच्या मांसातही तेच जंत निघाले. ट्रिकिनोसिस हा जीवघेणा आजार असू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

1862 मध्ये ते एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला न्यूमोकोनिओसिस हे नाव त्यांनीच दिले.

पिशवी कशी तयार होते?

अशी पिशवी इंग्लंडमधील शल्यचिकित्सक लडलो यांनी अठराव्या शतकातच पाहिली होती. पण झेंकर यांनी सहकारी फॉन त्सीमसेन यांच्यासोबत आधीच्या नोंदी आणि स्वतःचे रुग्ण एकत्र अभ्यासले आणि 1877 मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले.

- आतून ढकलली गेलेली: घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथला स्नायू गिळताना नीट सैल होत नाही. दाब वाढतो आणि वरच्या कमकुवत जागेतून आतील अस्तर मागे फुगते. हीच झेंकरची पिशवी. ती बहुधा साठीनंतर दिसते.
- बाहेरून ओढली गेलेली: छातीतील गाठी सुजून आक्रसल्या की अन्ननलिकेची भिंत ओढली जाते. आपल्याकडे याचे एक महत्त्वाचे कारण टीबी. अशा पिशवीचा त्रास बहुतेकदा होत नाही.

निदान कसे करतात?

झेंकर यांच्या काळात घशाच्या आत पाहण्याची सोय जवळपास नव्हती. ते 1895 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वुर्झबर्गला राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. 1898 मध्ये झेंकर यांचे निधन झाले. जी पिशवी त्यांना मृत्यूनंतर पाहावी लागे, ती आज काही मिनिटांत जिवंत माणसात दिसते.

त्यासाठी बेरियम स्वॅलो ही तपासणी करतात. रुग्णाला खडूसारखे पांढरे द्रव प्यायला देतात आणि ते घशातून उतरताना एक्स-रे घेतात. द्रव पिशवीत साचून राहिलेले स्पष्ट दिसते.

मग थेट दुर्बीण का नाही? कारण दुर्बिणीची नळी अन्ननलिकेऐवजी पिशवीत शिरू शकते आणि पातळ भिंतीला छिद्र पडू शकते. म्हणून पिशवीची शंका असेल तर आधी बेरियम करणे बरे. मात्र आपल्याकडे खर्रा-तंबाखू खाणारे बरेच आहेत, त्यामुळे घास अडकत असेल तर कॅन्सर नाही ना, हे पाहावेच लागते. त्यासाठी दुर्बीण लागल्यास डॉक्टरांना पिशवीची कल्पना आधी द्या.

डॉक्टरांना काय सांगाल?

- काही तासांपूर्वी खाल्लेले न पचलेले अन्न, आंबट चव नसताना, तोंडात परत येते का?
- सकाळी उशीवर अन्नाचे कण दिसतात का?
- गिळताना मानेत गुडगुड आवाज येतो का? तोंडाला दुर्गंधी येते का?
- रात्री ठसका लागतो का? वारंवार न्यूमोनिया होतो का?
- वजन घटले आहे का? गोळी अडकते का?

वयामुळे असे होते म्हणून गप्प बसू नका. पिशवीतील अन्न श्वासनलिकेत गेल्यास वृद्धांना गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. कोणत्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही पिशवीबद्दल सांगा, कारण उपाशी असूनही तिच्यात अन्न उरलेले असू शकते.

लहान, त्रास न देणाऱ्या पिशवीला अनेकदा उपचार लागत नाहीत. मोठ्या पिशवीत तोंडातून दुर्बिणीने किंवा मानेवर छेद घेऊन तो घट्ट स्नायू कापतात. बहुतेकांना त्यानंतर पुन्हा नीट जेवता येते.