गोपुरीचे आप्पासाहेब

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांना सारे लोक आप्पासाहेब म्हणत. त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. एम्. ए. झाल्यावर ते पुण्यास प्राध्यापक झाले. मानाची नोकरी होती. परंतु गांधीजींच्या विचारांची ओढ लागली आणि ती सोडून ते साबरमतीच्या आश्रमात गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. असा हा विद्वान पुरुष पुढे ज्या कामात रमला, त्याचे नाव काढताच पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडत. ते काम होते मैला साफ करण्याचे.

त्या काळी शहरांतील संडासांतून मैला टोपलीत भरून डोक्यावरून वाहून न्यावा लागे. ते काम ठरावीक जातींच्या माणसांवरच लादलेले असे. समाज त्यांच्याकडून आपली घाण काढवून घेई आणि वर त्यांनाच अस्पृश्य मानी.

१९३२ साली आप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी हे काम स्वतःसाठी मागितले. उच्च मानलेल्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर आले. नवल पाहा, एकावर जन्मतःच लादलेले काम दुसऱ्याला मागूनही मिळेना! आप्पासाहेबांनी आपले अन्न तोडण्यास आरंभ केला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना हे कळताच डिसेंबरात त्यांनीही उपवास सुरू केला. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले.

पण एकट्या आप्पासाहेबांनी पाटी उचलून दुसऱ्याच्या डोक्यावरील पाटी कशी उतरणार? मैला हाताने उचलावाच लागू नये, असा संडास हवा होता. आणि तो गरिबालाही बांधता यावा असा हवा होता. १९४८ साली त्यांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथील 'गोपुरी संडास' पुढे प्रसिद्ध झाला. त्याची रचना अगदी साधी होती. शेजारी शेजारी दोन कप्पे. एक वापरात असे, तेव्हा दुसरा मिटलेला. प्रत्येक वेळी मैल्यावर माती व पालापाचोळा टाकावयाचा. त्यामुळे दुर्गंधी दबे आणि माश्यांना वाव राहत नसे. कप्पा भरला की तो मिटून दुसरा उघडावयाचा. काही महिन्यांत मिटलेल्या कप्प्यातील घाणीचे कोरडे, वास नसलेले खत होई. ते काढावयास कोणाला किळस वाटत नसे आणि शेताला ते सोन्यासारखे लाभे.

खेड्यांची अडचण निराळीच होती. तेथे बहुतेक घरी संडासच नसे. लोक रानात किंवा ओढ्याकाठी जात. कोकणातील धो धो पावसात तीच घाण विहिरीपर्यंत पोचे. जंतांची अंडी मातीत पडत. अंकुशकृमी तर अनवाणी पोरांच्या तळव्यांतून शरीरात शिरत. शाळांची स्थितीही वेगळी नव्हती. प्रस्तुत लेखक ज्या खेड्यातील शाळेत शिकला, तेथे मुलांसाठी रान आणि मुलींसाठी घर गाठणे, एवढीच सोय होती. एखादी मुलगी मधल्या सुटीत घरी गेली, की पुष्कळदा परत येत नसे.

आप्पासाहेब नुसता उपदेश करून थांबत नसत. स्वतः झाडू व फावडे हाती घेत. मेलेल्या जनावरांचे कातडे काढण्याचे कामही त्यांनी कमी मानले नाही. त्यावरून नातलग व जातभाई रागावले, पण त्यांचा क्रम चुकला नाही.

१९७१ साली आप्पासाहेबांचे निधन झाले. माणसाकडून हाताने मैला उचलविणे हा गुन्हा ठरविणारा कायदा आपल्या देशात त्यानंतर बावीस वर्षांनी, १९९३ साली झाला.