शंकरराव चव्हाण

डॉ. शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै, इ.स. १९२० – २६ फेब्रुवारी, इ.स. २००४) हे भारतीय राजकारणी, महाराष्ट्राचे दोन वेळा मुख्यमंत्री आणि केंद्रात गृह व अर्थ खात्यांचे मंत्री होते. राज्यातील, विशेषतः मराठवाड्यातील, पाटबंधारे विकासात त्यांचा मोठा वाटा होता. पैठणचे जायकवाडी धरण आणि नांदेडजवळील विष्णुपुरी उपसा जलसिंचन प्रकल्प यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

== प्रारंभिक जीवन ==
शंकररावांचा जन्म गोदावरीकाठच्या पैठण येथे झाला. त्या काळी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला. संस्थान भारतात विलीन झाल्यावर नांदेड ही त्यांची कर्मभूमी ठरली आणि नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्या राज्याच्या मंत्रिमंडळात ते उपमंत्री झाले.

== पाटबंधारे मंत्री ==
१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे पाटबंधारे व वीज खाते आले. गोदावरी मराठवाड्यातून वाहत असली, तरी तिचे पात्र खोल आहे आणि काठची शेती उंचावर आहे. त्यामुळे नदी जवळ असूनही शिवार कोरडे राहत असे. हे पाणी अडवून कालव्यांद्वारे शेतापर्यंत नेणे हा जायकवाडी प्रकल्पाचा हेतू होता. धरणाची मूळ जागा बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ योजलेली होती. पुढे ती नदीच्या वरच्या अंगाला पैठण येथे निश्चित झाली, पण प्रकल्पाचे नाव तेच राहिले. या धरणाच्या पाणलोटात तत्कालीन अहमदनगर व औरंगाबाद जिल्ह्यांतील अनेक गावांच्या जमिनी गेल्या आणि प्रकल्पाला विरोधही झाला.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणाला २७ दरवाजे असून जलाशयास नाथसागर म्हणतात. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅट क्षमतेचे उदंचन जलविद्युत केंद्र आहे. तेथील जलचक्र उलट दिशेने फिरवून खाली सोडलेले पाणी पुन्हा जलाशयात चढवता येते.

== मुख्यमंत्रिपद व गोदावरी करार ==
शंकरराव २१ फेब्रुवारी १९७५ रोजी प्रथम मुख्यमंत्री झाले आणि मे १९७७ पर्यंत या पदावर होते. या कार्यकाळाचा बराच भाग आणीबाणीत गेला. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाणीवाटपाबाबत करार झाला. पुढे गोदावरी पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात तो समाविष्ट करण्यात आला. या करारानुसार पैठणपर्यंतच्या गोदावरीचे व सिद्धेश्वर धरणापर्यंतच्या पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्राला वापरता येते. त्याखालील पोचमपाडपर्यंतच्या भागात मात्र नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट ही मर्यादा आहे. नांदेड जिल्ह्यातील गोदावरीवरच्या योजनांचा विचार याच मर्यादेत करावा लागतो. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमही १९७६ सालचाच आहे.

मार्च १९८६ ते जून १९८८ या काळात ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते. राज्यात शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत त्यांच्याच सरकारने १९८६ साली आणली. उपलब्ध पाणी अधिक शेतकऱ्यांना मिळावे, यासाठी बारमाही उसाऐवजी आठमाही सिंचनाचा त्यांचा आग्रह होता. साखर कारखानदारीच्या प्रभावामुळे ही भूमिका वादग्रस्त ठरली. कडक शिस्तीमुळे ते हेडमास्तर म्हणून ओळखले जात.

== विष्णुपुरी प्रकल्प ==
नांदेड शहरालगत असर्जन येथे गोदावरीवर बांधलेला विष्णुपुरी प्रकल्प शंकररावांच्या पाठपुराव्यातून १९८०च्या दशकात उभा राहिला. त्याला १८ दरवाजे असून साठवण क्षमता सुमारे ८० दशलक्ष घनमीटर आहे. जायकवाडीच्या कालव्यांत पाणी उताराने वाहते. येथे मात्र लाभक्षेत्र नदीपेक्षा उंचावर असल्याने पंपगृहातून मोठ्या नलिकांद्वारे पाणी वर उचलावे लागते. वर पोहोचल्यावर ते कालव्यांतून कंधार, लोहा या टंचाईग्रस्त भागांकडे वाहते.

उपसा योजनेचे यश विजेवर अवलंबून असते. एक हजार घनमीटर पाणी ५० मीटर उंच चढवण्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १३६ युनिट वीज लागते. पंप व नलिकांतील घट धरता प्रत्यक्ष वापर याहून बराच अधिक होतो. त्यामुळे वीजबिल, पंपांची देखभाल आणि जलाशयातील अनधिकृत उपसा हे प्रश्न अशा योजनांना सतत भेडसावतात. नांदेड शहराचा पाणीपुरवठाही याच जलाशयावर असल्याने टंचाईच्या वर्षी शेती व पिण्याचे पाणी यांत ओढाताण होते.

== केंद्रीय राजकारण ==
१९८० व १९८४ साली ते नांदेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. राजीव गांधी यांच्या मंत्रिमंडळात ते गृहमंत्री आणि नंतर अर्थमंत्री होते. १९९१ ते १९९६ या काळात पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पुन्हा गृह खाते होते. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, त्या वेळी तेच गृहमंत्री असल्याने केंद्राच्या भूमिकेवर झालेल्या टीकेचे ते धनी झाले.

== मृत्यू व वारसा ==
२६ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. विष्णुपुरीच्या जलाशयास शंकरसागर, तर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण हेही २००८ साली मुख्यमंत्री झाले.

शंकररावांच्या काळात मोठी धरणे झाली, तरी मराठवाड्याचा पाणीप्रश्न संपला नाही. नाशिक व नगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. खालच्या बाजूला बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेशाशी झालेल्या तंट्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धरण आणि पंप उभारले, तरी त्यांत पोहोचणाऱ्या पाण्याचे न्याय्य वाटप हा प्रश्न त्यांच्यानंतरही कायम आहे.