जिम कॉर्बेट आणि त्यांची हलकी रायफल

उज्जयिनीच्या देवास गेटवरून निघालेला रस्ता देवासवरून पुढे विंध्य उतरून नर्मदेपाशी येतो, आणि नर्मदा ओलांडली की सातपुड्याचे डोंगर सुरू होतात. चैत्राच्या सुमारास तेथे मोहाची फुले गळू लागतात. पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन फुले वेचावयास निघालेली माणसे आणि त्याच फुलांच्या लोभाने आलेले अस्वल यांची मग अवचित गाठ पडते. अस्वलाची दृष्टी अधू. खाण्यात गुंतले म्हणजे कानांकडेही त्याचे लक्ष नसते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाही, आणि लागला म्हणजे ते दचकून पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर धावून येते. वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक वाटते, असे रानातील माणसे सांगतात ते याच कारणाने.

शिकारीला कायद्याने मोकळीक होती त्या काळी या धास्तीतून एक वाद नेहमी निघे. रानात जीव वाचविण्यासाठी जवळ बाळगावयाची रायफल जाड गोळीची असावी की बारीक गोळीची? वजनदार काडतूस घ्यावे की हलके? कोणी म्हणे, गोळी जितकी जड तितका जीव सुरक्षित. कोणी म्हणे, जड रायफल खांद्याला लावेपर्यंत जनावर येऊन पोहोचते. या वादाचा निकाल शब्दांनी लागण्यासारखा नव्हता. परंतु ज्यांनी आपल्या आयुष्यात दोन्ही प्रकारच्या रायफली वापरल्या आणि दोन्हींचे गुणदोष जिवावर उदार होऊन पाहिले, असे एक गृहस्थ आपल्या देशात होऊन गेले. कुमाऊंचे जिम कॉर्बेट ते हेच.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. घराणे आयरिश वंशाचे, पण हिंदुस्थानातच रुजलेले. वडील ख्रिस्तोफर विल्यम हे नैनीतालचे पोस्टमास्तर. १८८१ साली ते वारले तेव्हा जिम अगदी लहान होता. मोठे कुटुंब, बेताची मिळकत, आणि हिवाळ्यात राहावयाचे घर पायथ्याच्या काळाढुंगी गावी, अरण्याला लागून. मुलाला खेळणी मिळाली ती या अरण्यानेच दिली. प्रथम गलोल, मग मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य, आणि त्यानंतर एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक. या बंदुकीची एक नळी फाटलेली होती आणि दस्त्याशी तिला पितळी तारेने बांधून ठेवले होते. म्हणजे बार एकच. तो चुकला की पुन्हा दारू ओतावी, ठासावी, शिसे घालावे, आणि तोवर सावज डोंगरापार गेलेले असावयाचे. दारूही हवी तितकी मिळत नसे. काडतूस मोजून वापरण्याची जी सवय पुढे कॉर्बेट यांच्या अंगी जन्मभर राहिली, तिचे मूळ या फाटक्या बंदुकीत आहे असे मला वाटते.

थोरला भाऊ टॉम हा त्याचा पहिला गुरू. अस्वलांची भीती मुलाच्या मनातून काढावी म्हणून टॉम त्यास एकदा डोंगरात घेऊन गेला. ज्या घळीत अस्वले येत तेथे त्यास एकट्याला बसविले, हाती बंदूक आणि गोळीची दोन काडतुसे दिली, आणि ठार होईल अशी पक्की खात्री असेल तरच बार काढ अशी ताकीद देऊन आपण दूर वर जाऊन बसला. वाऱ्याने गवत सळसळले तरी मुलाचा जीव गोळा होई. संध्याकाळी अस्वल खरोखरच दृष्टीस पडले. जिमने बार काढला नाही. वाचकांपैकी कोणी यास भित्रेपणा म्हणेल. पण दोनच काडतुसे आणि कोवळा हात अशा वेळी जखमी अस्वल अंगावर ओढवून घेणे हा काही पराक्रम नव्हे. कॉर्बेट यांनी ही हकीकत म्हातारपणी लिहिली, तीही आपण किती घाबरलो होतो हे न लपविता.

शाळेच्या कॅडेट पथकात असता तेथील सार्जंट मेजरने त्यास सुट्टीत वापरावयास .४५० मापाची मार्टिनी रायफल दिली. अट एवढीच की रायफल स्वच्छ ठेवावी आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यावीत. या रायफलीचा दणका मोठ्या माणसाचाही खांदा हलवील असा होता. तिच्याच साहाय्याने त्याने लहान वयात आपला पहिला बिबळ्या मारला.

तरुणपणी कॉर्बेट रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि गंगेकाठी मोकामा घाट येथे वीसहून अधिक वर्षे मालाची चढउतार करण्याचा ठेका त्यांनी चालविला. हमालांच्या खांद्याला खांदा लावून ते स्वतः काम करीत. त्यांच्या चरित्राचा हा भाग फार सुंदर आहे, पण आपल्या विषयाला तो थोडा आडवाटेचा. म्हणून येथे इतकेच.

नरभक्षक वाघाशी त्यांची पहिली गाठ १९०७ साली पडली. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात सुमारे दोनशे माणसे मारली होती, आणि तेथून हुसकली गेल्यावर कुमाऊंत आणखी दोनशेवर. एकूण आकडा ४३६ असा नोंदला गेला आहे. बायका गवत कापावयास बाहेर पडत नसत. दिवसाउजेडी दारे बंद. गावकऱ्यांचे हाके घालून कॉर्बेट यांनी वाघिणीला दरीत कोंडले. हाती .५०० मापाची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या गोळीची जड दुनळी होती. परंतु काडतुसे आणली होती अवघी तीन. दोन गोळ्या झाडण्याचीच संधी मिळेल असा त्यांचा हिशेब होता, आणि तिसरे अडीअडचणीला. तिन्ही संपली आणि जखमी वाघीण समोर उभीच! ते धावत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक मागून घेतली आणि परतले. वाटेत त्यांच्या ध्यानात आले की त्या बंदुकीची नळी आणि मागील ठोकळा यांत बोटभर फट पडली आहे. बार काढला तर तोंडावरच फुटावयाची. तरीही जवळ जाऊन त्यांनी ती झाडली. गोळी लागली ती वाघिणीच्या पंजाला. तिचा प्राण गेला तो रायफलीच्या आधीच्या जखमांनी. मोजकी काडतुसे बाळगण्याचा बाणा एरवी शोभून दिसतो, पण त्या दिवशी तो जिवावर बेतला होता.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची एक रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी, पट्टीवर भेटीचा मजकूर. माप .२७५, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९०च्या दशकात सैन्यासाठी काढलेले हे काडतूस. बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांवर जे चालविले तेच. रिग्बीने त्यास इंग्रजी माप देऊन आपले नाव दिले. तिची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. कॉर्बेट यांच्या दुसऱ्या, .४०० मापाच्या दुनळीची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तिप्पट जड.

येथे थोडे थांबून गोळीचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. बारीक गोळी वेगाने जाते, सरळ जाते आणि दणका कमी देते. म्हणून नेम चांगला बसतो. पण ती काय करील हे तिच्या घडणीवर अवलंबून असते. संपूर्ण धातूच्या वेष्टनातील टणक गोळी खोलवर शिरते, मात्र लहान छिद्र पाडून निघून जाते. टोकाशी शिसे उघडे ठेवलेली मऊ गोळी शरीरात शिरताच पसरते आणि मोठी जखम करते, परंतु जाड हाडावर लवकर पसरली तर आतपर्यंत पोहोचत नाही. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात तयार झालेल्या अशा पसरणाऱ्या गोळ्यांनी त्या गावाचे नाव जगभर झाले, आणि १८९९च्या हेग परिषदेने युद्धात त्यांना मनाई केली. अस्वलाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याच्या लांब केसांमुळे अंग असते त्याहून बरेच मोठे दिसते. आकृतीच्या मध्यावर नेम धरणाऱ्याची गोळी नुसत्या केसांतून किंवा मांसातून निघून जाण्याचा संभव असतो. आणि जखम झाली तरी दाट केस व चरबी रक्त शोषून घेतात, त्यामुळे माग काढणे कठीण जाते. हिमालयातील काळे अस्वल तर वाघाच्या शिकारीवरही हक्क सांगण्यास कचरत नाही. देबीधुरा येथे वाघ व अस्वल यांच्यात अशाच शिकारीवरून झालेल्या झटापटीचे वर्णन कॉर्बेट यांनी केले आहे.

बारीक गोळीच्या बाजूने बोलणारे दोन दाखले नेहमी देतात. पहिला आफ्रिकेतील बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचा. १८८० ते १९५४ हा त्याचा काळ. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुतेक याच ७ मिलिमीटरच्या टणक गोळीने. पण हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कोठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता, हे सांगावयाचे राहून जाते. दुसरा दाखला कॅनडातील बेला ट्विन या क्री जमातीच्या वृद्धेचा. १९५३ साली तिने ससे मारावयाच्या .२२ रायफलीने एक प्रचंड ग्रिझली अस्वल लोळविले. तिने जवळून कवटीच्या नेमक्या जागी गोळी मारली, आणि ते पडल्यावरही खात्रीसाठी आणखी गोळ्या घातल्या. जन्मभर सापळे लावण्यात गेलेल्या त्या बाईच्या हाताला जे साधले, ते दुसऱ्याने त्या रायफलीच्या भरवशावर करू जाणे म्हणजे आत्मघात होय.

कॉर्बेट यांची निवड या दोन्ही टोकांपासून दूर होती. ठरवून बसावयाचे असे तेव्हा ते जड रायफल घेत. परंतु नरभक्षकाचा माग काढीत दिवसाला वीस-वीस मैल डोंगर चढउतार करावयाचा, खांद्यावर ओझे नको आणि क्षणात वळता आले पाहिजे, अशा वेळी हातात हलकी रायफल असे. १९३० सालच्या एप्रिलमध्ये चौगढच्या वाघिणीशी त्यांची अखेरची गाठ पडली तेव्हा हेच उपयोगी पडले. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद. वाटेत सापडलेली रातव्याची दोन अंडी डाव्या हातात होती. एका शिळेला वळसा घालून खाली उतरताच पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर, वाघीण दबा धरून बसलेली. त्यांनी घाई केली नाही. एकाच हाताने रायफल हळूहळू, अर्ध्याहून अधिक वर्तुळ पुरे होईपर्यंत फिरविली, आणि नळी वाघिणीच्या रोखाने येताच चाप ओढला. चौसष्ट माणसांचा बळी घेणारी ती वाघीण जागच्या जागी पडली. जड दुनळी एका हाताने अशी फिरली नसती, हे कॉर्बेट यांनी स्वतःच नमूद केले आहे. अंडी मात्र न फुटता घरट्यात परत गेली.

याच्या आदल्याच वर्षी तल्लादेश भागात मात्र त्यांना उलट अनुभव आला होता. तेथे फार लांबून झाडलेली गोळी वाघिणीला लागली, ती कोसळली, पण पुन्हा उठून निघून गेली. कानातील गळवाने अर्धे डोके बधिर झालेले, डोळा सुजलेला, अशा स्थितीत त्यांना कित्येक दिवस तिचा माग काढीत हिंडावे लागले. घायाळ केलेले जनावर रानात सोडून परत फिरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते वेदनेने तळमळत राहील हे एक, आणि पुढे जो गवत्या किंवा गुराखी त्याच्या वाटेत सापडेल त्याच्या जिवाचे काय, हे दुसरे. जनावर नरभक्षक होण्याचे एक मोठे कारण हौशी शिकाऱ्यांनी चुकीच्या जागी मारलेल्या गोळ्या हे आहे, असे त्यांना अनेकदा दिसून आले होते. चंपावतच्या वाघिणीचे सुळेच गोळीने मोडलेले निघाले. अपुरी गोळी अथवा अपुरा नेम यांची किंमत बंदूकवाला नव्हे, तर ज्याच्या हाती कधी बंदूक नसते असा माणूस मोजतो.

उत्तर आयुष्यात त्यांनी रायफलीपेक्षा कॅमेरा अधिक वापरला. १९३६ साली कुमाऊंच्या पायथ्याशी देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९५७ पासून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४४ साली त्यांचे पहिले मोठे पुस्तक निघाले आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. अस्वल असो वा वाघ, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज त्यांची शिकार बंद आहे, आणि मोहाच्या दिवसांत सातपुड्यातील माणसे काडतुसाचे माप विचारीत नाहीत. ती उजाडल्यावर, चारचौघे मिळून, बोलत बोलत वेचणीला निघतात. अस्वलाला दुरूनच चाहूल लागली तर ते आपणहून वाट सोडते.

१९४७च्या नोव्हेंबरात बहीण मॅगी हिच्यासह कॉर्बेट यांनी हिंदुस्थान सोडला. निघण्यापूर्वी भावंडांनी काही रायफली व बंदुका नैनीतालच्या रानात पुरून टाकल्या. केनियातील न्येरी येथे १९ एप्रिल १९५५ रोजी ते निवर्तले. ह्यूएटसाहेबांनी दिलेली .२७५ मात्र त्या खड्ड्यात गेली नव्हती. त्यांच्या पश्चात ती त्यांच्या प्रकाशकांकडे राहिली, पुढे बनविणाऱ्या रिग्बी कंपनीकडे परत आली, आणि २०१६ साली चांदीच्या पट्टीसह पुन्हा एकदा कुमाऊंच्या डोंगरात येऊन गेली.