एकच सदरा अन् रात्रभर वाद: कॉलेजने आगरकरांना कसं घडवलं?

गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावात, गरीब घरात जन्मले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालायचे, असं सांगतात. तिथेच टिळकांशी मैत्री जमली. देशासाठी काय करायचं, यावर दोघांचे तासन् तास वाद चालत. त्यातूनच ठरलं, सरकारी नोकरी नको, शिकवायचं. १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. एम.ए. होताच आगरकरही तिथे रुजू झाले. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावरून हेच मित्र दुरावले. आगरकरांनी १८८८मध्ये 'सुधारक' काढलं, १८९२मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आयुष्य जेमतेम ३८ वर्षांचं. पण कॉलेजात घेतलेला निर्णय त्यांनी शेवटपर्यंत निभावला.